हलेल तो पुसला जाईल

माझ्या बायकोला रात्रीचं दिसत नव्हतं. हे मला लग्नानंतर कळलं, आणि तेही घरात नाही, गड्ड्यावर, भर गर्दीत.

गड्डा म्हणजे आमच्या सोलापूरची सिद्धेश्वराची जत्रा, संक्रांतीला भरते. सत्तरची सालं नुकती लागली होती. नवीन लग्न, म्हणून मी तिला होम मैदानावर शोभेचं दारूकाम बघायला नेलं. आभाळात बाण फुटला की ती लहान पोरीसारखी मान वर करायची आणि हसायची. मला बरं वाटलं. दारूकाम संपलं, आम्ही निघालो, आणि ही सरळ चालत जाऊन उसाच्या गाड्यावर आदळली.

मी हसलो. म्हटलं, "अगं, एवढा मोठा गाडा दिसला न्हाय व्हय?"

थोडं पुढं गेलो तर खाली बसून बांगड्या भरणाऱ्या एका बाईच्या अंगावरच ही गेली. ती बाई तिला वाटेल ते बोलली. मग हिनं माझ्या शर्टाचं टोक धरलं ते घर येईस्तोवर सोडलं नाही.

घरात बल्ब लावला, समोरासमोर बसलो, तेव्हा म्हणाली, "मला रातचं दिवं दिसत्यात. दिव्याखाली काय हाय ते न्हाय दिसत."

"म्हंजे?"

"म्हंजे आता तुमी हितं बल्बाखाली बसलाय तर दिसताय. भाईर पडलं की तुमी गेला. नुसता आवाज ऱ्हातो."

ती करकंबची. तिच्या आईला हे माहीत होतं. लगीन मोडेल म्हणून कुणाला बोलू नको, असं तिला बजावून ठेवलं होतं. हे सांगून झाल्यावर ती म्हणाली, "सोडून यायचं आसंल तर उद्याच सोडा मला करकंबला. पर दिवसाउजेडी निगू. म्हंजे मला वाट दिसंल."

मी म्हटलं, "गप जेव."

माझं शिक्षण चौथीपर्यंत. गोड बोलणं मला कधी जमलं नाही. पण त्या दोन शब्दांचा अर्थ तिला बरोबर कळला. ती उठली, भाकरी वाढली, आणि शेंगाची चटणी जरा जास्तच वाढली.

पुढं मी तिला सरकारी दवाखान्यात डोळ्याच्या डॉक्टरला दाखवलं. डॉक्टर चांगला माणूस होता, त्यानं लपवलं नाही. म्हणाला, हे रक्तातून येतं, याला औषध नाही. आधी रात्र जाते. मग कडेचं दिसणं जातं. मग हळूहळू दिवसही जातो. किती वर्षांनी, ते कुणालाच सांगता येत नाही.

मी बाहेर येऊन विडी पेटवली, पण ओढली नाही. ती शेजारी उभी होती. दुपारचं कडक ऊन होतं, आणि ती रस्त्याकडं बघत होती. टांगे, सायकली, गिरणीतनं सुटलेल्या बाया. एकेक निरखून बघत होती. मग म्हणाली, "दिवसाचं बऱ्यापैकी बगून झालंय माजं. रातचंच ऱ्हायलं. ह्ये डोळं जायच्या आदी रात कशी आसती ते येकदा बगायला मिळालं तर बरं हुईल."

"दिसत न्हाय तर बघशील कशी?"

"ते मला काय ठावं?"

ते माझ्या डोक्यात बसलं. रात्र दिवसाच्या उन्हात आणून दाखवायची तर ती फोटोतच आणावी लागणार. एवढं चौथीच्या शिक्षणाला कळलं.

मी गिरणीत सूतखात्यात होतो. साच्यावर, म्हणजे सूत काढायच्या यंत्रावर, धागा तुटला की तो सांधायचा, हेच काम, पाळी संपेपर्यंत. आमच्या चाळीच्या कोपऱ्यावर एक फोटो स्टुडिओ होता. त्याच्या मालकाला मी एकदा अंधाऱ्या खोलीचे काळे पडदे नीट बांधून दिले होते, तेव्हापासून ओळख. त्याच्याकडं त्याच्या बापाच्या वेळचा एक डबा कॅमेरा धूळ खात पडला होता. मी मागितला.

तो म्हणाला, "काय गिरणीवाले, बायकोचा फोटो काढणार काय?"

म्हटलं, "नाही. रात्रीचा काढणार."

तो इतका हसला की आतनं त्याची बायको बघायला आली. मग मी त्याला खरं काय ते सांगितलं. तेव्हा त्यानं फडकं घेतलं आणि कॅमेरा स्वतः पुसून दिला. म्हणाला, "खटका दाबून धरला की ह्याचा डोळा उघडा राहतो. सोडला की मिटतो. बाकी ह्याला काही येत नाही. पुढचं तुमचं तुम्ही बघा."

पुढच्या गड्ड्याला मी कॅमेरा घेऊन होम मैदानावर गेलो. नंदीध्वज येतात ना, सिद्धेश्वराच्या त्या उंच काठ्या, त्यांना जत्रेतल्या काही रात्री दिवे लावलेले असतात. बाराबंदी घातलेली माणसं एकट्याच्या कंबरेवर तेवढी काठी पेलून चालतात. आमच्या गावात ते बघितलं नाही तर माणसानं काय बघितलं? आणि माझ्या बायकोनं बघितले होते ते नुसते हवेत तरंगणारे दिवे. मी कॅमेरा पोटाशी धरला, श्वास रोखला, आणि खटका दाबून धरला.

फोटो धुऊन आला तर त्यात किड्यांची वळवळ. हात हलला होता. माणसाचा हात किती हलतो ते कॅमेऱ्याशिवाय कळत नाही.

मग मी घरातलं लाकडी स्टूल नेलं. कॅमेरा त्यावर ठेवला, वर वीट ठेवली, आणि खटका दाबून धरण्याऐवजी सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून ती त्याच्यावर ताणून बांधली. पुढच्या काचेवर काळं फडकं टाकायचं. फडकं काढलं की डोळा उघडला, टाकलं की मिटला. लोक जमले. एक जण म्हणाला, "मामा, स्टुलाला कशाला नमस्कार करताय?" मी लक्ष दिलं नाही.

या वेळी दिवे स्वच्छ आले. एकेक दिवा मोजून घ्यावा असा. मी खुशीत घरी आलो. ती उंबऱ्यात गोधडी शिवत बसली होती. उन्हात फोटो धरला तिच्यापुढं. तिनं बघितला. उलटा केला, परत सुलटा केला. काळ्या कागदावर पांढरे ठिपके.

"आवं, ह्ये तर मला रोजच दिसतंय की," ती म्हणाली. आणि तोंडाला पदर लावून हसायला लागली.

मला राग आला. पण ती बोलली ते खरंच होतं. माझ्या कॅमेऱ्यालाही रातांधळेपणा होता. दिवा दिसत होता, दिव्याखालचं दिसत नव्हतं. एका परीनं त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की तिला काय दिसतं. गर्दीत हात सुटला की तिच्याभोवती काय उरत असेल, ते मी त्या कागदावर बघितलं. त्यानंतर रात्री रस्त्यावर मी तिचा हात सोडला नाही. लोक हसायचे. आमच्यात नवराबायको हात धरून चालत नसत तेव्हा.

स्टुडिओवाला म्हणाला, "वेळ वाढवा. पण एक ध्यानात ठेवा, अंधारात फिल्म आळशी होते. दुप्पट काम पाहिजे तर दुप्पट वेळ देऊन भागत नाही, त्याच्याहून किती तरी जास्त द्यावा लागतो." मग मी फडकं काढून ठेवायचो आणि बाजूला बसून राहायचो. घड्याळ माझ्याकडं नव्हतं. विडी संपेपर्यंत, मग दोन विड्या संपेपर्यंत. गड्डा बरेच दिवस चालतो, तोवर मी रोज काही ना काही करून बघितलं.

शेवटी एक फोटो आला. जमीन दिसली! मैदानातली माती, दुकानांच्या कनाती, खाऱ्या शेंगांचे ढीग, मागं किल्ल्याची भिंत. सगळं दिव्याखालचं. जत्रेतल्या फिरत्या पाळण्याची पांढरी थाळी झाली होती, आणि नंदीध्वजांच्या जागी हवेत खडूनं मारल्यासारख्या लांब रेघा. पण त्यात माणूस नव्हतं. गड्ड्यावर पाय ठेवायला जागा नव्हती त्या रात्री, आणि फोटोत सगळं मैदान ओस. गाव सोडून माणसं पळून गेल्यासारखं.

"हलणारं माणूस येत नाही," स्टुडिओवाला म्हणाला. "तेवढ्या वेळात ते चालत निघून जातं. हलेल तो पुसला जाईल."

मी तो तिला दाखवला. ती खूप वेळ बघत बसली. शेंगांचे ढीग तिनं बोटानं दाखवले, कनातीचे पट्टे ओळखले. मग विचारलं, "मान्सं?"

म्हटलं, "हलली ना. हलली की पुसली जातात."

"मग रातचं न हलणारं मानूस कुटं गावायचं?" असं म्हणून तिनं सुई ओवली. ती सुई आता तिला दोन-तीन वेळा ओवावी लागत होती, ते मी बघत होतो. दोरा घट्ट ओढून घेतला आणि म्हणाली, "झोपल्यालं."

सोलापूरचा उन्हाळा ज्यानं काढला नाही त्याला सांगून कळणार नाही. चैत्र लागला की आमची सगळी चाळ रात्री बाहेर. पत्र्याच्या खोल्या आतून भट्टीसारख्या. दारापुढं पाणी मारायचं, बाजा टाकायच्या, आणि म्हातारीकोतारी, बायका, पोरं सगळी आभाळाखाली. कडुनिंबाखालची जागा म्हाताऱ्यांची. माझी बायको रोज त्या ओळीत झोपायची आणि ती ओळ तिनं कधी बघितली नव्हती.

पण झोपलेल्या बायकांचा फोटो काढायचा म्हणजे काय गंमत आहे? शेजारच्या म्हातारीला मी आधी विचारलं. ती विणकरांतली, घरात तेलुगू बोलायची, सगळी चाळ तिला अम्मा म्हणायची. तिनं ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अय्यो! झोपेत फोटो मेलेल्या माणसाचा काढतात रे. मी काय मेली काय?"

"अम्मा, मेली असतीस तर विचारलं असतं का तुला?"

"बघा याचं तोंड! विचारायला आला का शिव्या द्यायला?"

मग माझी बायको गेली. तिनं अम्माच्या पायाशी बसून काय सांगितलं मला माहीत नाही. परत आली तेव्हा मागनं अम्माही आली आणि चाळीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली, "पोरीला बघायचं आहे, बघू दे. तिला कशाला नाही म्हणायचं? पण माझं तोंड उघडं आलं तर मी तो फोटो फाडून चुलीत घालीन." अम्मा हो म्हणाली म्हटल्यावर बाकीच्यांचा प्रश्नच मिटला.

आता वेळेचं. चांदण्यात काढायचा तर विड्यांवर भागणार नव्हतं. पण आमच्या गावाला घड्याळ होतं, गिरणीचा भोंगा. पाळी बदलायच्या आधी एक भोंगा व्हायचा, उठा-निघा म्हणून, आणि मग दुसरा, पाळी लागली म्हणून. सगळं सोलापूर त्याच्यावर जेवायचं, झोपायचं, उठायचं. मी ठरवलं, रात्रपाळीच्या पहिल्या भोंग्याला फडकं काढायचं, दुसऱ्याला टाकायचं.

पौर्णिमेच्या आसपास काढला. धुऊन आला तसा मी स्टुडिओतनं पळत घरी आलो.

ती उंबऱ्यात उन्हात बसली. फोटो डोळ्यांपुढं धरून थोडा थोडा सरकवत बघायला लागली, कारण कडेचं आता तिला दिसत नव्हतं. ओळीनं बाजा. बाजांवर माणसं. चांदणं सगळ्यांच्या अंगावर पिठासारखं पडलेलं. ती एकेकाला ओळखत होती.

"ही अम्मा. बया, तोंड हुगडंच हाय की! सांगू नका तिला. ह्ये पलीकडलं पोरगं, ह्याची मान बगा कुटं गेली. ह्यो म्हातारा धोतर सोडून झोपतो व्हय?" हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "ही कोन? मीच की. आशी झोपती मी? हात डोक्याखाली घेऊन?"

मग ती थांबली. बोट फोटोवर तसंच राहिलं.

"ही बाज रिकामी हाय."

"ती माझी."

"तुमी कुटं?"

"मी कॅमेऱ्यापाशी नव्हतो काय बसलेलो? मीच फोटोत कसा येईन?"

तिनं फोटो मांडीवर ठेवला. हसणं गेलं होतं. "मला अम्माचं तोंड बगून काय करायचंय? तुमी रातचं कसं दिसता ते मला ठावं न्हाय. दुसऱ्या पाळीस्नं येता तवा सायकलीचा आवाज येतो. मग साच्याच्या तेलाचा, कापसाचा वास. मग हात. तोंड न्हाय."

मी म्हटलं, "बल्बाखाली बघतीस की."

"बल्बाखालची रात न्हवं ती."

परत काढायचा ठरला. या वेळी मी बाजेवर, आणि फडकं तिनं टाकायचं. तिला कॅमेऱ्यापर्यंत जाता येणार नव्हतं, म्हणून मी गिरणीतलं सूत आणून पिळून दोरा केला. एक टोक फडक्याला, दुसरं तिच्या हातात. फडकं स्टुलावर उभ्या केलेल्या काठीला अडकवलेलं. दोरा ओढला की खाली पडून काच झाकली जाणार. चार वेळा करून बघितलं. अंधारात तिचा हात माझ्यापेक्षा नीट चालायचा.

गिरणीच्या सुट्टीची रात्र धरली, म्हणजे सकाळी उठून पळायचं नको. सगळी झोपल्यावर मी फडकं वर अडकवलं, येऊन बाजेवर आडवा झालो. ती माझ्या उशाशी बसली. मी सांगितलं, "भोंगा झाला की दोरा ओढ. तोवर हलू नको. हलेल तो पुसला जाईल."

"तुमीबी हलू नका."

"मी झोपलो की दगड."

आणि झोपलो. दिवसभर पाणी भरलं होतं, बाजा विणल्या होत्या.

जाग आली तेव्हा अम्मा अंगणात खोकत होती, सडा टाकायला उठली होती. उजाडलं नव्हतं. माझ्या छातीवर बायकोचा हात होता. ती रात्री जशी बसली होती तशीच बसलेली. पाठ ताठ, मान भोंग्याच्या दिशेला कललेली.

"झालं काय?" मी विचारलं.

"भोंगा झालाच न्हाय वो," ती म्हणाली. आवाज पार बसला होता. "आत्ता अम्मा खोकली तवा वडला दोरा. म्हटलं आता उजाडंल."

मला आधी कळेना. आणि मग कळलं. गिरणीला सुट्टी म्हणजे भोंग्यालाही सुट्टी. लहानपणापासून त्या भोंग्यावर जगलेला माणूस मी, आणि हे माझ्या डोक्यात आलं नाही. तिच्याही नाही. भोंगा म्हणजे आम्हाला सूर्यासारखा वाटायचा, तो होणारच.

"अगं, मग मला उठवायचं की!"

"तुमी हलला आसता, तर पुसलं गेला आसता की."

तिच्या हातांवर, गळ्यावर डास चावून गांधी उठल्या होत्या. पायांना मुंग्या आलेल्या, तिला उभं राहता येईना. मी पाय चोळून दिले. ती म्हणाली, "तुमी मधनं मधनं कूस बदलाय लागायचा. मी हात ठेवून दाबून धरत हुते. म्हनायची, हलू नका. झोपेतबी ऐकलं बगा तुमी." फिल्म वाया गेली, असं मनात होतं, आणि तिच्यापुढं ते बोलायचं नव्हतं.

स्टुडिओवाल्यानं निगेटिव्ह धुतली आणि उजेडाला धरली. डांबरासारखी काळी. "टाकून द्या," तो म्हणाला. "रात्रभर उजेड खाल्लाय हिनं." मी नुसता बसून राहिलो. त्यानं माझ्याकडं बघितलं, मग ती यंत्रात घातली, कागदावर उजेड सोडला आणि आतनं स्टूल आणून माझ्याशेजारी बसला. लई वेळ. एवढा उजेड त्यानं कधी कुठल्या फोटोला दिला नसेल. मग कागद औषधाच्या पाण्यात टाकला.

आधी आभाळ आलं. त्यात दोन-चार चांदण्या आपल्या वाटेनं सरकत गेलेल्या, त्यांच्या बारीक रेघा. मग कडुनिंब, रात्रभर सळसळून धुरासारखा झालेला. मग बाजा. बाजांवरची माणसं सगळी विरघळलेली. रात्रभरात कोण उलथं झालं, कोण पालथं, कोण पाणी प्यायला उठलं. अम्मा तर कापसाचा ढीग. आणि त्या सगळ्यांत दोनच माणसं नीट आली. एक मी, झोपलेला, दाढी वाढलेला. आणि एक ती, माझ्या उशाशी. एका हातात दोरा. दुसरा हात माझ्या छातीवर.

तिचे डोळे तेवढे आले नाहीत. डोळ्यांच्या जागी मऊ सावली. "पापण्या हलतात," स्टुडिओवाला म्हणाला. "त्याला इलाज नाही."

तो फोटो तिनं उंबऱ्यात बसून बघितला. स्वतःकडं नाही बघितलं. माझ्याकडं बघत होती. नाकाजवळ नेऊन, लांब धरून, तिरका करून. शेवटी म्हणाली, "रातचंबी तुमी आसंच दिसता व्हय? मला वाटलं, कायतरी येगळं आसंल."

"वेगळं काय असणार? थोबाड तेच."

"न्हाय, बरं झालं," ती म्हणाली. "म्हंजे मी काय चुकवलं न्हाय."

त्यानंतर मी रात्रीचे फोटो काढले नाहीत. तिनंच नको म्हटलं. कॅमेरा परत देऊन आलो. दिवसाचा तिचा एक तरी काढावा, असं दोघांपैकी कुणालाच सुचलं नाही. दिवसा ती समोर होती.

डॉक्टर बोलला तसंच झालं. आधी कडा गेल्या, मग मधलंही धुरकट झालं. मुलगा झाला तेव्हा तिला त्याचं तोंड दिसलं, त्याच्या लग्नात सुनेचं दिसलं नाही. ती कधी रडली नाही, निदान माझ्यापुढं नाही. दिवेलागणीला मात्र विचारायची, "फोटू हाय का जाग्यावर?" मी म्हणायचो, आहे. "आपुन दोगं हाय का त्यात?" आहे. "हललाव का?" नाही हललो. मग ती उदबत्ती लावायची, हातानं चाचपत. गिरण्या बंद पडल्या, भोंगा बंद पडला, अम्मा गेली, चाळ पडली. हे तिचं विचारणं बंद पडलं नाही.

यंदा थंडीत ते बंद पडलं. झोपेतच गेली. मी उशाशी बसलो होतो, छातीवर हात ठेवून. हात ठेवून काय होतंय? काही होत नाही.

तेराव्याला भिंतीवर लावायला फोटो पाहिजे म्हणून घरात शोधाशोध झाली. मुलाच्या लग्नातही ती फोटोला उभी राहिली नव्हती. जागेपणीचा तिचा तो एकच. मुलगा तो घेऊन स्टुडिओत गेला, मीही गेलो. स्टुडिओवाला केव्हाच गेला, आता त्याचा मुलगा बसतो, त्याचेही केस पांढरे झालेत. त्यानं फोटो कॉम्प्युटरवर मोठा केला.

"काका," तो म्हणाला, "ह्याला हार घालता येणार नाही. तुम्ही आहात ना ह्यात. जिवंत माणसाला हार घालत नाहीत. मी तुम्हाला ह्यातनं काढून टाकतो, काकूंचा एकटीचा करून देतो. मागं निळं आभाळ टाकू. डोळेसुद्धा बसवता येतील."

मुलगा म्हणाला, "चालेल."

मी म्हटलं, "मला काढलास तर हा तिचा हात कुठं ठेवशील?"

त्यानं पडद्यावर बघितलं. मुलानंही बघितलं. मग तो हळूच म्हणाला, "तोही काढावा लागेल, काका."

"मग राहू दे," म्हटलं. "आहे तसा दे."

तसाच आणला. तसाच लावलाय. येणारा-जाणारा विचारतो, गेलेल्या बाईच्या फोटोला हार कसा नाही? सून बिचारी ओशाळते. मी तिला सांगितलंय, मी गेलो की एकच मोठा हार आण, दोघांना पुरेल असा. तोवर ती चौकटीच्या एका कोपऱ्यात, सासूच्या बाजूला, एक शेवंतीचं फूल खोचते. माझ्या बाजूला येऊ देत नाही.

फोटोसमोरच माझी बाज आहे. रात्री झोप लागत नाही. या कुशीवरून त्या कुशीवर, त्या कुशीवरून या कुशीवर. पहाटे बघावं तर अंथरूण सगळं गोळा झालेलं. दाबून धरणारं कुणी नाही आता. लई हलतो मी.